गोठ्यातली सगुणा

“…मग माई, किती उपास केले म्हणजे हा विटाळ जाईल?”

सगुणाबाईंनी गोठ्यातूनच विचारलं.

डोंगरावरच्या त्या मठात बाहेर बसलेल्या बाईनं गोठ्यात राहायचं, अशी रीत होती. जेवणाचं ताट कुणीतरी उंबऱ्याशी ठेवून जाई. ठेवणारी थांबत नसे. बोलायला फक्त गाय होती.

मठाच्या वृद्ध गुरू, माई, उंबऱ्याबाहेर काठी टेकून उभ्या होत्या.

“तुझी पाळी जाऊन किती वर्षं झाली, सगुणे?”

“सहा.”

“मग हा कावळा वाट चुकून आला की काय?”

सगुणाबाई हसल्या नाहीत.

“महिना झाला, थांबतच नाही. माझंच काही पाप असेल. पण सोवळं मी कधी मोडलं नाही, माई. देवाला शिवणारे इतके स्वच्छ हात या मठात दुसरे नाहीत.”

“माझ्या धाकट्या बहिणीलाही असंच सुरू झालं होतं. पाळी गेल्यावर. तिनंही उपास धरले.”

“मग… गेला विटाळ?”

माई गायीकडे बघत राहिल्या.

…

“तिला गर्भपिशवीचा कॅन्सर होता. लवकर आणलं असतं तर पिशवी काढून वाचवता आलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.”

सगुणाबाईंनी पदर घट्ट ओढून घेतला.

“मला तसलं काही नसेल.”

“नसेलही. तपासल्यावर कळेल.”

“परक्या हातांनी तपासून घेऊ? आणि बरोबर कोण येईल? तुमचे गुडघे डोंगर उतरत नाहीत. विटाळशीला सोबत करायला दुसरी कोण तयार होईल? मला आहे तरी कोण…”

माई वळल्या. काठीचा आवाज गाभाऱ्यापर्यंत गेला. थोड्या वेळानं परत आला.

या वेळी त्या उंबरा ओलांडून आत आल्या. पदराआडून त्यांनी पितळेचा बाळकृष्ण काढला. एरवी सगुणाबाईच त्याला रोज पहाटे न्हाऊ घालत. माईंनी तो त्यांच्या मांडीवर ठेवला.

“माई! हे काय केलंत! देव बाटला!”

“बाटला खरा.”

माईंनी अंगावरची शाल काढली आणि दोघांभोवती गुंडाळली.

“आता तोही बाहेरचाच. डॉक्टरीणबाई सोडतील, तेव्हा दोघं मिळून आत या.”