विडा कुणी उचलायचा

डोंगरही अजून पोरवयात होते म्हणतात, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि थोरांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी.

एक राज्य होतं. फार मोठं नव्हतं. या टोकाला कोंबडा आरवला की त्या टोकाची म्हातारी कूस बदलायची, एवढंच. टेकडीवर तळं, पायथ्याला राजवाडा, त्याखाली गाव. तळ्याच्या दारातून पाणी सुटायचं आणि पाटानं गल्लोगल्ली फिरायचं.

त्या राज्याची एक रीत होती. अवघड काम निघालं की राजा भर दरबारात चांदीच्या तबकात विडा ठेवायचा. वाघ मारायचा असो, चोर धरायचे असोत, फुटला बांध घालायचा असो. जो पुढं होऊन विडा उचलेल आणि तोंडात घालेल, काम त्याचं. एकदा पान चावलं की माघार नाही. काम पुरं होईतो सगळ्या राज्यानं त्याचं ऐकायचं आणि काम झाल्यावर तो मागेल ते त्याला द्यायचं.

आणि कुणीच उठलं नाही तर? तर राजानं स्वतः उठायचं. थोरल्या राजाचे दात मरेपर्यंत लाल होते, ते काही पानाच्या हौसेनं नव्हे.

थोरला राजा गेला आणि त्याचा मुलगा गादीवर बसला. मुलगा वाईट नव्हता हो. देखणा, मऊ मनाचा, मुंगीवर पाय पडला तर दिवसभर हळहळणारा. पण त्याला एक खोड होती. कडू बोलायची वेळ आली की तो विषय बदलायचा. त्याचे सरदार म्हणजे सगळे चुलते, मामे आणि मावसभाऊ. दसऱ्याला ज्यांच्या पाया पडायचं, त्यांना ‘तुमची कोठारं उघडा’ असं म्हणायचं कसं?

पहिल्याच वर्षी नदीला पूर आला आणि पूल वाहून गेला. राजानं विडा ठेवला. एक सरदार छताकडं बघू लागला, दुसरा आपल्या नखांकडं. एकाला तर नेमकी तेव्हाच शिंक आली. राजा गादीवर चुळबुळ करू लागला. आता एकतर कुणाला तरी नाव घेऊन उठवायचं, नाहीतर आपण उठायचं.

तेवढ्यात पार मागं, जोड्यांपाशी बसलेला एक सावकार उठला. अंगानं बारीक, आवाजानं बारीक, हसला तरी दात न दाखवणारा. हात जोडून म्हणाला की महाराजांनी कशाला तोशीस घ्यावी, सेवक आहे ना. आणि त्यानं विडा उचलला.

पूल झाला, आणि पहिल्याहून चांगला झाला. मोबदला काय? पुलावरून जाणाऱ्या गाडीमागं पसाभर धान्य. राजाला हसू आलं. एवढंच ना, घे म्हणाला.

राणी मात्र माहेरची व्यवहारी होती. रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली, “भाकरी कुणी फुकट थापत नाही. पसा लहान दिसतो, गाड्या किती ते बघा.”

“कामं होतायत ना?” राजा म्हणाला. “मग कुणाच्या हातानं होतायत, त्यानं काय बिघडलं?”

पुढं शिपायांचा पगार थकला. सरदारांकडून धान्य मागायला हवं होतं. राजानं दोनदा निरोप लिहवला आणि दोनदा फाडला. विडा ठेवला, आणि सावकारानं उचलला. या वेळी त्यानं मागितलं ते पगाराचं वाटप. पगार माझ्या ओट्यावरून वाटू द्या, म्हणाला, महाराजांच्या अंगणात गर्दी नको. राजाला ते सोयीचंच वाटलं. पण शिपाई ज्या ओट्यावरून पसरलेली ओंजळ भरून नेतो, त्या ओट्याला तो आपसूक मुजरा करतो. वर्ष सरायच्या आत राजवाड्याच्या दारातले मुजरे उरकल्यासारखे होऊ लागले आणि सावकाराच्या दारातले कमरेत वाकून.

मग तळ्यात गाळ साचला. गावाला हाताशी धरून गाळ काढायचा तर कुणाची गल्ली आधी, कुणाची मागाहून, यावर तंटे होणार. तंटे म्हटले की राजा अंग काढून घ्यायचा. तो विडाही सावकारानंच उचलला. गाळ निघाला, आणि तळ्याच्या दाराला नवं कुलूप बसलं. चावी सावकाराच्या कमरेला गेली. निगा मीच राखतो, म्हणाला.

त्या दिवशी राणी जेवली नाही.

हळूहळू लोक फिर्यादी घेऊन दरबारात येईनासे झाले. इथं ‘बघू’ ऐकायला मिळायचं, तिथं ओट्यावर काम व्हायचं. काम कसंही होवो, पण व्हायचं. दरबारात पारवे शिरले. राजा दुपारी सारीपाट मांडून बसू लागला आणि खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटत होतं. डोकं दुखायचं थांबलं होतं.

आणि मग पाऊस गेला.

एक वर्ष गेलं तर लोकांनी सोसलं. दुसऱ्या वर्षी विहिरींचे तळ दिसले. तळ्यात मात्र पाणी होतं, गाळ काढल्यामुळं चांगलं खोल होतं. सावकारानं दार बंद केलं आणि घागरीला भाव लावला. आधी धान्य घेतलं, मग भांडी घेतली, मग बायकांच्या पायातली चांदी. ज्यांच्याकडं काहीच उरलं नाही, त्यांच्याकडून त्यानं वचन घेतलं की घरातली सगळी माणसं त्याच्या शेतावर फुकट राबतील, तो सोडेल तोवर. कुंभारवाड्याला तेच वचन द्यावं लागलं. आधीच चिखल नाही म्हणून त्यांची चाकं थांबलेली. वचन देऊनही माणसी ओंजळभरच पाणी मिळे.

या कुंभारवाड्यात राजाची दूधआई राहायची. राजाची आई बाळंतपणात गेली तेव्हा हिनं त्याला स्वतःच्या लेकराबरोबर पाजलं होतं. राज्यात राजाला अरेतुरे करणारी ती एकटीच.

एके सकाळी ती दरबारात आली. दरबार रिकामा. राजा सोंगट्या लावत होता.

“सून बाळंत झालीय,” म्हातारी म्हणाली. “पोरगी झालीय. आईच्या पोटात पाणी नाही तर अंगावर दूध कुठलं येणार? पोरीची टाळू खोल गेलीय. तळ्याचं दार उघड.”

राजाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “आई, मी आत्ताच सावकाराला सांगतो.”

म्हातारीनं त्याच्याकडं नीट बघितलं. “सांगणार आहेस,” तिनं विचारलं, “का विचारणार आहेस?”

राजानं सोंगट्या सारल्या, दवंडी पिटवून सरदारांना बोलावलं आणि विडा ठेवला. तळ्याचं दार कोण उघडतो? एकही हात हलला नाही. कुणाचा मुलगा सावकाराच्या पेढीवर होता, कुणाच्या मुलीचं लग्न सावकारानं लावून दिलं होतं. थोरले चुलते तेवढे पुटपुटले की बाबा रे, आम्ही त्याच्या पाण्यावर जगतो.

तेव्हा राजा उठला. जन्मात पहिल्यांदा त्यानं विडा उचलला आणि तोंडात घातला.

तो पायीच टेकडी चढला. मागं राणी, तिच्यामागं म्हातारी. तळ्याच्या दारावर शिपाई उभे होते. त्यांच्या नाईकाला राजा नावानिशी ओळखत होता. दोघं लहानपणी याच तळ्यात पोहले होते.

“कुलूप फोड,” राजा म्हणाला.

नाईकानं मान खाली घातली. “महाराज, तुमच्यावर हात टाकणार नाही. पण कुलपाला हात लावू देणार नाही. आमची चूल त्या ओट्यावर पेटते.”

राजा पुढं झाला. शिपायांनी त्याला ढकललं नाही, मारलं नाही, नुसते खांद्याला खांदा लावून उभे राहिले. राजा त्यांच्यावर आदळला, पुन्हा आदळला, आणि उन्हात धापा टाकत खाली बसला.

मग छत्री धरलेला सावकार आला. त्यानं राजाच्या पायाला हात लावला, हे विशेष. महाराजांनी एवढ्या उन्हात यावं का, म्हणून नोकरांना दटावलंही.

“दार उघड,” राजा म्हणाला. “पोर मरतंय.”

“उघडतो की. महाराजांना मी कधी नाही म्हटलंय? मोबदला तेवढा ठरवू.”

“आता काय उरलंय माझ्याकडं? गादी हवी?”

सावकारानं कानांना हात लावले. “शिव शिव. गादीवर बसणाऱ्याला लोक शिव्या घालतात. ती तुमचीच राहू दे. फक्त इथून पुढं दरबारात विडा मी ठेवीन.”

राणी म्हणाली, नका. म्हातारी पाण्याकडं बघत होती. राजानं तिच्याकडं बघितलं आणि हो म्हटलं.

दार उघडलं. पण कोरड्या पाटाला तहान किती असते, ते पाणी सोडणाऱ्यालाच ठाऊक. वरच्या गल्ल्यांची माती आधी पाणी प्यायली. कुंभारवाड्यात ओल पोचायला तिन्हीसांजा झाल्या. म्हातारीनं नातीला त्याच पाण्यानं न्हाऊ घातलं. पाजायला उशीर झाला होता.

चार दिवसांनी दार पुन्हा बंद झालं. दवंडी फिरली: महाराजांच्या हुकमानं पाणी बंद. लोकांनी राजवाड्यावर दगड टाकले, ओट्यावर कुणी खडाही टाकला नाही. राजा सज्जात येऊन सांगू लागला की चावी माझ्याकडं नाही हो. खालून एक बाई म्हणाली, “मग तू कशाला आहेस?”

त्याच आठवड्यात कुंभारवाडा उठला. चाकं तिथंच टाकली, लेकरं पाठुंगळी घेतली आणि सगळे कोरड्या नदीच्या पात्रातून मुलूख सोडून निघाले.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला, आणि खच्चून भरला. तबक सावकाराच्या हातात होतं. त्यानं ते मधोमध ठेवलं आणि बारीक आवाजात सांगितलं की कुंभार राबायचं वचन मोडून पळाले आहेत. त्यांना धरून आणायला कोण जातं?

कुणी उठलं नाही. सावकाराला घाई नव्हती. त्यानं गादीकडं बघितलं.

“शिपाई गेले तर रक्त सांडेल,” तो म्हणाला. “ओळखीचं माणूस गेलं तर बरं. आणि कुणीच गेलं नाही, तर उरलेल्या गल्ल्यांना तरी मी कशाच्या भरवशावर पाणी द्यावं? महाराजच सांगोत.”

पडद्याआडून राणी म्हणाली, “उठू नका.”

राजाला खाली गाव दिसत होतं. प्रत्येक दारात पालथी घागर होती. तो गादीवरून उतरला, तबकापाशी आला, विडा उचलून तोंडात घातला.

कुंभार फार लांब गेले नव्हते. उपाशी माणसं किती लांब जाणार? राजाला बघून ते थांबले, कारण त्यांना वाटलं की राजा आपल्याबरोबर यायला निघालाय. मग त्यांना त्यानं बरोबर आणलेले दोर दिसले.

म्हातारीनं आपले दोन्ही हात स्वतःहून पुढं केले. राजाला गाठ मारता येईना. तेव्हा तिनं मनगटं जुळवून धरली आणि लहानपणी त्याला नाडी बांधायला शिकवली होती तशी गाठ कशी घालायची ते सांगितलं.

ती सावकाराच्या शेतावर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जगली. राजा खूप जगला. मेला तेव्हा गादीवरच होता, आणि त्याचे दात लालभडक होते.

बोध एवढाच: आपलं ओझं जो वेळेवर उचलत नाही, त्याचं राज्य उचलणाऱ्याकडं जातं, आणि मग त्याला जन्मभर दुसऱ्याचं ओझं वाहावं लागतं.