आजोबासाहेबांचा कोरडा पाय

"उद्या दुपारपर्यंत गाव खाली करा!" राजा कर्णरावाने हुकूम सोडला आणि तिवरवाडीच्या लोकांच्या तोंडचं पाणीच पळालं.

गाव ते केवढं! खाडीच्या काठाला मूठभर घरं, पुढे भाताची खाचरं आणि खाऱ्या पाण्याला अडवणारा मातीचा लांबलचक बांध. पण याच बांधावर राजाच्या आजोबांनी एक मोठी लढाई जिंकली होती. आता तिथे विजयस्तंभ उभा राहायचा होता. वर आजोबांचा पुतळा, सभोवती बाग! मग बागेत कोंबड्या, जाळी आणि वाळत घातलेली सुकट कशी चालेल?

गावचा प्रमुख असलेला गावकर हात जोडून म्हणाला, "म्हाराज, आमी पिढ्यान् पिढ्या हितंच ऱ्हातो."

"थापा!" दिवाण खेकसले. "लढाईच्या हकिगतीत तुमच्या गावाचं नाव नाही. लढाई आधी झाली, तुम्ही नंतर आलात. मोकळी जागा दिसली, बसलात पाय पसरून!"

राजा हट्टी होता, पण न्यायी म्हणवून घ्यायची त्याला भारी हौस. तो म्हणाला, "लढाईच्या आधीपासून गाव होतं असा पुरावा आणा, मी परत जाईन. मात्र कागद चालणार नाही, तो खोटा करता येतो. दगड चालणार नाही, तो पुरून ठेवता येतो. आणि म्हाताऱ्यांची साक्ष तर मुळीच नको. म्हातारे माझ्या आजोबांबद्दलही काहीबाही बोलतात!"

झालं! कागद नाही, दगड नाही, माणूस नाही. आता पुरावा काय आभाळातून आणायचा? बायका भांडीकुंडी बांधायला लागल्या. गावकराची मुलगी आवडी तेवढी हसत होती.

"बाबा, उद्या पुनव. उद्या बांधावर कुनीबी जायचं न्हाई."

गावकर दचकलाच. पुनवेला खाडीला उधाण येतं आणि कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, बांधाला बिळं पाडून ठेवलेली असतात. म्हणून घरटी एक माणूस चिखलाची टोपली घेऊन बांधावर फिरतो. बीळ दिसलं की पेंढा कोंबायचा, चिखल थापायचा, टाचेने दाबायचं. हे कोणी कोणाला सांगावं लागत नाही, सकाळी चूल पेटते तसं ते होतं.

"खुळी का काय तू? खारं पानी शिरलं तर पुढचं पीक गेलं!"

"आन् गाव गेल्यावर पीक कुनाचं, बाबा? टोपल्या भरून समदे तिवरांच्या झाडांमागं बसा. माझा कुकारा ऐकल्याबिगर हलू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी राजा आपल्या तंबूत जेवायला बसला होता. वारा लागू नये म्हणून तंबू कापलेल्या खाचरात, अगदी बांधाच्या आडोशाला ठोकला होता. आवडी हात हलवत आली.

"काय गं पोरी, पुरावा कुठे आहे?"

"तुमच्यापाशीच हाय, म्हाराज! आदी मला त्या लढाईची गोष्ट सांगा."

आजोबांची गोष्ट म्हटल्यावर राजा जेवण विसरला. "शत्रूचे घोडेस्वार ओहोटीला चिखलातून चालून आले. आजोबासाहेब बांधावर तलवार घेऊन उभे! तेवढ्यात पुनवेची भरती आली. घोडे रुतले, शत्रू बुडाला! पण आजोबासाहेबांचा पाय काही ओला झाला नाही!"

"वा! आन् त्यो बांध कुनी घातला व्हता?"

"घालतंय कोण?" दिवाण मध्येच म्हणाले. "खाडीचा गाळ साचतो, आपोआप बांध होतो."

"बरोबर!" राजाने मान डोलावली.

"मग ऱ्हायलं," म्हणत आवडी तिथेच मांडी घालून बसली. "खाडीनं केलाय, तर खाडीच सांभाळंल."

थोड्याच वेळात बांधातून बोटभर धार सुटली. मग दुसरी, मग तिसरी. राजाची मोजडी तरंगत दिवाणांकडे निघाली आणि पाठोपाठ लाडवांचं ताट! शिपाई धावले, कोणी ढाल लावली, कोणी पागोटं कोंबलं, आणि धक्क्याने बिळं आणखीच मोठी झाली.

"अरे, बुजवा! बुजवा ती भोकं!" राजा पाटावर चढून ओरडला.

"कोन बुजवनार, म्हाराज?" आवडी शांतपणे म्हणाली. "आमचं गाव तर अजून वसलंच न्हाई!"

राजाने घोट्यापर्यंत भिजलेल्या आपल्या पायांकडे पाहिलं. एका पुनवेला माणूस फिरकला नाही तर ही दशा! मग त्या पुनवेला आजोबांचा पाय कोरडा राहिला तो कोणाच्या जिवावर?

"होतं!" तो गरजला. "गाव होतं! लढाईच्या आधीपासून होतं! पण आता बोलाव त्यांना!"

आवडीने कुकारा घातला. तिवरांमागून सगळी तिवरवाडी टोपल्या घेऊन धावली. पेंढा, चिखल, टाच! बघता बघता धारा थांबल्या. दिवाण मात्र अजून लाडू वेचत होते.

ते पाहून राजाला हसू फुटलं. त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून आवडीला दिलं आणि खाचरांचा सारा कायमचा माफ केला. "आणि विजयस्तंभ बांधाच्या टोकाला होईल. गावातली एक कोंबडीही हलणार नाही! स्तंभावर तुमच्या गावाचं नावही कोरतो. बोल पोरी, कुठं कोरू?"

"आजोबासायबांच्या पायाखाली, म्हाराज! लढाईतबी आमी तितंच व्हतो!"

राजा इतका हसला, इतका हसला, की पाटावरून घसरून पुन्हा पाण्यात बसला!