ढब्बूची फोड

एक होती उंदरी.
अंगठ्याएवढी.
नाव मात्र ढब्बू!

ढब्बू राहायची संत्र्याच्या बागेत. बाग होती उतारावर. वर टोकाला पपनसाचं झाड. त्याच्याखाली लिंबाचं. त्याच्याखाली मोसंबीचं. आणि सगळ्यात खाली संत्र्याची झाडं आणि पाण्याचा हौद.

एके दिवशी बागेतली पहिली संत्री उतरली. पहिली फळं आधी शेजाऱ्यांना वाटायची. त्याला म्हणतात वानोळा. बागेच्या मालकीण शेवंताकाकूंनी वानोळा सगळ्यांना वाटला. आणि ढब्बूला विसरल्या नाहीत!

"घे वं माय, हा तुहा वानोळा," काकू म्हणाल्या. "खाऊन सांग मले, गोड हाये का?"

एक फोड. एक सालीचा तुकडा.

ढब्बूने संत्रं कधीच खाल्लं नव्हतं. कध्धीच नाही! तिच्या तोंडाला पाणी सुटलं. तिने सालीची केली टोपी. फोड घेतली हातात. आणि निघाली धुवायला.

सोललेली फोड कोणी धुतं का?
ढब्बू धुते. फार टापटिपीची ना!

ती हौदाच्या काठावर चढली. फोड निसटली.
डुबुक!
गेली तळाशी.

हौदात होता बेडूक. ढब्बू म्हणाली,
"बेडूकमामा, बेडूकमामा!
तू मार बुडी.
बुडी मारून काढ फोड.
आणि फोड कोण खाईल? मी!"

"डराँव! काढतो की!" बेडूक म्हणाला. "पण आधी मला मोसंबी आण. संत्री काय, कोणीही खातं. आम्ही मोसंबी खाणारे!"

बेडकाने मोसंबी कधी पाहिलीसुद्धा नव्हती. पण ऐट केवढी!

ढब्बू निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

मोसंबीच्या झाडावर होता पोपट. ढब्बू म्हणाली,
"पोपटदादा, पोपटदादा!
तू दे मोसंबी.
मोसंबी बेडूकमामाला.
बेडूकमामा मारील बुडी.
बुडी मारून काढील फोड.
आणि फोड कोण खाईल? मी!"

"विठू विठू! देतो की!" पोपट म्हणाला. "पण आधी मला लिंबू आण. गोड खाऊन खाऊन तोंड गुळमट झालं बघ."

पोपटाला पंख होते. लिंबाचं झाड समोरच होतं. पण दुसरं कोणी आणून देत असेल, तर उडायचं कशाला?

ढब्बू निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

लिंबाच्या झाडाखाली होती शेळी. ढब्बू म्हणाली,
"शेळीमावशी, शेळीमावशी!
तू दे लिंबू.
लिंबू पोपटदादाला.
पोपटदादा देईल मोसंबी.
मोसंबी बेडूकमामाला.
बेडूकमामा मारील बुडी.
बुडी मारून काढील फोड.
आणि फोड कोण खाईल? मी!"

"बेंऽऽ! देते की!" शेळी म्हणाली. "पण आधी मला पपनस आण. त्याची साल खाईन म्हणते. आतलं काय, कोणीही खातं!"

शेळीने आत्ताच एक पोतं खाल्लं होतं. पण फळ कसं, निवडून खावं!

ढब्बूचे पाय दुखायला लागले. तरी निघाली. तुरु तुरु... तुरु... तुरु.

पपनसाच्या झाडावर होतं माकड. सगळ्यात खालच्या फांदीवर. मांडीवर पपनस. हे एवढं मोठं! ढब्बू म्हणाली,
"माकडभाऊ, माकडभाऊ!
तू दे पपनस.
पपनस शेळीमावशीला.
शेळीमावशी देईल लिंबू.
लिंबू पोपटदादाला.
पोपटदादा देईल मोसंबी.
मोसंबी बेडूकमामाला.
बेडूकमामा मारील बुडी.
बुडी मारून काढील फोड.
आणि फोड कोण खाईल? मी!"

"हुप्प! देतो की!" माकड म्हणालं. "पण आधी मला संत्र्याची फोड आण."

ढब्बूने वर पाहिलं.
ढब्बूने खाली पाहिलं.
"अरे, पण फोड तर हौदात आहे!"

"मग आधी ती काढ," माकड म्हणालं. "काढलीस की मी पपनस देतो. मग तुझी फोड निघेल!"

वा रे शहाणा!

ढब्बू मटकन खाली बसली. डोळ्यांत आलं पाणी. पहिली फोड. पहिली! आणि ती बसली हौदात.

इतक्यात माकडाने नाक वर केलं. फुस् फुस्.
"वास कसला येतोय गं? संत्र्याचा?"
"माझ्या टोपीचा," ढब्बू म्हणाली.
माकड वाकलं. नाक टोपीपाशी. डोळे टोपीपाशी.
"अहाहा! थोडा अजून वास दे. दाब ना, दाब ती साल!"

आता मोठ्यांचं ऐकावं की नाही?
ऐकावं.
ढब्बूने दाबली.

चुर्रर्र! उडाली सालीची चिळकांडी!

"आई गं! डोळे! डोळे!" माकडाने दोन्ही हात डोळ्यांवर धरले. मग पपनस कोण धरणार?

धप्प! पपनस पडलं खाली.
गडगड गडगड, गेलं शेळीकडे.
शेळीने साल खाल्ली. करकर करकर. झाडाला दिली धडक. टपक! लिंबू पडलं.
गडगड गडगड, गेलं पोपटाकडे.
पोपटाने लिंबू चाखलं. शहारलाच! चोच अशी वाकडी, डोळे असे मिटलेले. "वा, काय छान!" म्हणाला. कबूल कसं करणार? टपक! मोसंबी टाकली.
गडगड गडगड, गेली बेडकाकडे.
बेडकाने मोसंबी चाटली. एकदा. "हं," म्हणाला. "संत्र्यासारखीच की!" आणि मारली बुडी.
डुबुक!
वर आली फोड!

ढब्बूने फोड छातीशी धरली. घट्ट. काठावर बसली. आता तोंडात घालणार, एवढ्यात आले सगळे.
बेडूक आला. पोपट आला. शेळी आली. डोळे चोळत माकडही आलं.

"ढब्बूताई, जराशी चव बघू?"
"एवढीशीच!"
"एकच घास!"

ढब्बूने फोडीकडे पाहिलं. फोड एक. तोंडं चार. आणि तोंडं तरी केवढी मोठी!

ढब्बू हसली. म्हणाली,
"देते की! पण आधी मला एक मोसंबी आणा."

बेडूक म्हणाला, "पोपटा, तू आण."
पोपट म्हणाला, "आणतो की! पण आधी शेळी लिंबू देईल."
शेळी म्हणाली, "देते की! पण आधी माकड पपनस देईल."
माकड म्हणालं, "देतो की! पण आधी फोड!"
"तू आधी!"
"नाही, तू आधी!"
"तू!"
"तू!"

त्यांचं चाललं होतं तू तू.
इकडे ढब्बूने तोंड उघडलं.
गट्टम!
रस हनुवटीवर. रस मिशांवर. रस शेपटीवरसुद्धा!

शेवंताकाकू आल्या पाटी घेऊन.
"काय वं ढब्बू? गोड हाये का?"

ढब्बूने मिशा चाटल्या. शेपटी चाटली. टोपी नीट केली. आणि म्हणाली,
"सांगते की! पण आधी अजून एक फोड द्या!"

फोड गेली पोटात,
गोष्ट आली ओठात,
आणि साल राहिली हातात.
दाबू नका हं!