टिटवी दार अडवते

फार पूर्वी एका नदीकाठी प्राण्यांनी पोरक्या पिल्लांसाठी आणि थकल्याभागल्या जनावरांसाठी एक आसरा चालवला होता. दारावर टिटवी असे. पिल्लाला बाहेर न्यायचं तर दोघांनी मिळून न्यायचं, एकट्याने नाही, असा तिथला नियम होता. टिटवी तो इतक्या मोठ्याने सांगे की बहिरी घोरपडही दचकून जागी होई.

एकदा मुंगूसराव आले. साप मारणारे म्हणून त्यांची कीर्ती होती, शिवाय ते दर आठवड्याला टोपलीभर बोरं आणत. आसऱ्यात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. त्यांना तितराच्या पिल्लाला फिरायला न्यायचं होतं.

“सोबत कोण?” टिटवीने विचारलं.

“अगं बाई,” आसऱ्याचे प्रमुख कासवदादा म्हणाले, “उद्या नदीलाही विचारशील, कुणाबरोबर वाहतेस म्हणून!”

सगळे खिदळले.

“विचारेन की. परवा तुम्हालाही विचारलंच होतं, दादा,” असं म्हणून टिटवी दारातच उभी राहिली.

मुंगूसराव दुखावले. “माझ्यावर संशय? पिल्लालाच विचारा, त्याला यायचंय की नाही.”

पिल्लू टिटवीच्या पंखाखाली शिरलं. “कुठे जायचं ते कुणाला सांगायचं नाही, असं काकांनी सांगितलंय.”

हसू थांबलं. कासवदादांनी मुंगूसरावांना बाहेरची वाट दाखवली आणि स्वतः सावकाश पिल्लाजवळ आले.

“बाळा, आम्हाला आधी का नाही सांगितलंस?”

“ते आले की तुम्ही सगळे त्यांना वाकून नमस्कार करता ना,” पिल्लू म्हणालं.