निवडलेली दारं

“…म्हणजे कॅलगरीला काम लवकर मिळेल, पण थंडी हाडं गोठवणारी. हॅलिफॅक्सला समुद्र आहे, गाव लहान आहे, पोरीला मानवेल, पण माझ्या कामाच्या जागा तिथे थोड्या. आता तुम्हीच सांगा बाबा, कुठे जाऊ?”

मठाच्या ओट्यावर बसलेल्या बाबांनी डोळे किलकिले केले.

“तिथलं पानी गोड हाय का?”

“दोन्हीकडचं गोड आहे.”

“मंग झालं.”

पुण्याहून गाडी हाकत प्रफुल्ल खोडके पूर्णा नदीच्या काठावरच्या या मठात आला होता, तो काही पाण्याची चव सांगायला नव्हे.

प्रफुल्ल हुशार होता, आणि ही गोष्ट त्याला स्वतःलाही चांगली ठाऊक होती. मोठमोठ्या कंपन्यांना गोदाम कुठे बांधावं हे सांगणं, हाच त्याचा धंदा. रस्ता कसा आहे, मजूर मिळतील का, पावसात ट्रक अडतील का, हे तो जागेवर पाऊल ठेवताच ओळखायचा. त्याने दाखवलेली जागा चुकली, असं आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. असा हा जागा निवडणारा माणूस, स्वतःच्या चार माणसांसाठी मात्र एक गाव निवडता निवडता मेटाकुटीला आला होता.

कॅनडात कायमचं राहायची परवानगी हातात पडली होती. तिकिटं काढायचीच काय ती बाकी होती. बायको मयूरी म्हणाली, तुम्ही ठरवा, मी येते. आई म्हणाली, तुम्ही जाल तिथे मी. मुलगी जुई काहीच म्हणाली नाही. ती आपली नवे बूट घालून घरभर फिरत होती.

सगळ्यांनी त्याच्यावर सोडलं. तिथेच तो अडला.

कारण असं सोडलं म्हणजे काय होतं, हे त्याने घरातच पाहिलेलं होतं. त्याच्या वडिलांनी तरुणपणी दर्यापूर सोडलं. नागपूरला जायचं की सुरतेला, असा प्रश्न होता. वडिलांनी सुरत धरली. आईला ते गाव कधी मानवलंच नाही. दूध नासलं, छत गळलं, थोरली मुलगी नापास झाली, काहीही झालं तरी आई म्हणायची, “नागपूरला गेलो असतो तर हे दिवस आले नसते.” हळूहळू मुलंही तेच म्हणायला शिकली. प्रफुल्लही म्हणायचा. वडील कधी उलटून बोलले नाहीत. ते पायात चपला सरकवून बाहेर पडत आणि आम्ही सगळे झोपलो की परत येत, असं तो मयूरीला सांगायचा.

आता वडील नव्हते. पण वडिलांची ती पाठमोरी आकृती त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. जुईच्या तोंडून आपल्याला ते वाक्य ऐकावं लागेल, या नुसत्या विचाराने तो रात्री उठून बसायचा.

म्हणून त्याला बाबांची आठवण झाली. तीन पिढ्यांचं घराणं मठाचं, पण हा स्वतः इतक्या वर्षांत इकडे फिरकला नव्हता. बाबांनी एकदा गाव सांगितलं की झालं. पुढे काही बिनसलं तर बाबांनी सांगितलं होतं, असं म्हणता येईल. हे त्याने मनाशीसुद्धा असं उघड म्हटलं नव्हतं. पण माणसं मठात येतात, ती बरेचदा अशाच कामाला येतात.

“बाबा,” तो पुन्हा म्हणाला, “तुम्ही एक नाव घ्या. मी दुसरं विचारणार नाही.”

बाबांनी वर सूर्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात दाबला.

“भिक्षेची वेळ झाली. आज गुडघे धरले माहे. तू जाय.”

प्रफुल्ल चपापला. गाडीत तांदूळ आहे, तूप आहे, फळांची पेटी आहे, ते सगळं मठासाठीच आणलंय, असं तो घाईघाईने सांगू लागला. बाबांनी ते ऐकलं आणि खुंटीवरची झोळी काढून त्याच्या खांद्यावर अडकवली.

“पहिल्या घरापासून ओळीनं जाजो. हाक एकच डाव. देतीन तं घेजो. ‘पुढं जा’ म्हनतीन तं पुढं जाजो. तोवर दार सोडाचं नाई.”

प्रफुल्ल निघाला. पायात महागडे बूट, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि खांद्यावर बाबांची झोळी. गावाच्या वेशीवर बसलेली म्हातारी माणसं त्याच्याकडे पाहून हसली. त्याचे कान तापले.

पहिलं घर पत्र्याचं. आतून एका बाईचा चढा आवाज येत होता, कुणाला तरी ती तोडून बोलत होती. प्रफुल्लने पाऊल आवरलं. इथे काय मिळणार, झालाच तर अपमान होईल.

दुसऱ्या घरापुढे बाजेवर एक म्हातारा खोकत पडला होता. त्याच्याकडे काय मागायचं?

तिसऱ्याला मोठं लोखंडी फाटक, आत गुरगुरणारं कुत्रं. बंगला मोठा, पण फाटकाची कडी आतून घातलेली. अशा घरची माणसं बाहेर येत नाहीत, हे त्याने बरोबर ताडलं.

आणि मग त्याची मूळची कला जागी झाली. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून गाव न्याहाळू लागला. कुठल्या अंगणात सडा पडलाय, कुठल्या चुलीचा धूर निघतोय, कुठे सायकल भिंतीला टेकवलेली आहे म्हणजे घरधनी घरी आहे. पार पुढच्या वळणावरचं एक घर त्याने हेरलं. तिथे जाऊन हलक्या आवाजात म्हणाला, “भिक्षा.”

एक हसतमुख बाई बाहेर आली. बाबांनी नवा चेला केला का, असं विचारत तिने दोन गरम भाकरी आणि वाटीभर वरण दिलं. प्रफुल्ल हरखला. त्याच हिशेबाने त्याने आणखी एक घर निवडलं. तिथे भाजी मिळाली, वर गुळाचा खडा मिळाला.

झोळी भरून तो परतला तेव्हा बाबांचं अजून हातपाय धुणंही आटोपलं नव्हतं. त्याने झोळी त्यांच्यासमोर ठेवली. चेहऱ्यावर समाधान लपत नव्हतं.

“किती दारं झाले?”

“दोन.”

“अन् मधातली?”

“तिथे काही मिळालं नसतं.”

“कोनं सांगतलं?”

कुणीच सांगितलं नव्हतं. सांगायला त्याने कुणाला जागाच ठेवली नव्हती.

“‘पुढं जा’ आयकलं का कोठी?”

“नाही.”

…

बाबांनी झोळीतलं अन्न काढून पत्रावळीवर मांडलं आणि पत्रावळ प्रफुल्लकडे सारली.

“हे तू जेव. माही भिक्षा बाकी हाय.”

रिकामी झोळी खांद्याला लावून ते उठले. गुडघा कुरकुरला, त्यांनी दात आवळले. प्रफुल्ल जेवणावर फडकं टाकून त्यांच्यामागे धावला.

बाबा पहिल्याच घरापुढे थांबले. पत्र्याच्या.

“भिक्षा.”

आतला आवाज बंद झाला. तिशीतली एक बाई दारात आली. तिचे हात पिठाने माखलेले होते. बाबांना पाहताच तिने कमरेवर हात ठेवले.

“आले का? या. तुमचीच वाट पाहत होती.”

बाबा उभे राहिले.

“मी नवऱ्याले म्हनत होती का कामाले अमरावतीले जा. जवळ हाय, पोट्टे पाहाले येता येईन. पर नाई, बाबानं सांगतलं, हैदराबादले जाय, बाबाचा शब्द खाली कसा पडू द्याचा? गेले. दिवाळी गेली, होळी गेली. फोन नाई, पैसा नाई. पोट्टं तापानं फणफणलं तं मी एकटी दवाखान्यात बसली. तुमचं काय जाते सांगाले?”

प्रफुल्लला राहवलं नाही. बाई, जरा बाबांशी सांभाळून, असं काहीतरी तो म्हणणार होता. बाबांनी मागे न पाहताच हात किंचित वर केला. तो थांबला.

बाई बोलत राहिली. नवऱ्यावर बोलली, सासूवर बोलली, मग पुन्हा बाबांवर आली. शेजारची दारं उघडली. दोघीतिघी जणी बाहेर येऊन उभ्या राहिल्या. ऊन तापलं होतं आणि बाबांच्या टाळूवर घाम जमत होता. त्यांनी मान खाली घातली नव्हती, की वरही केली नव्हती. ते तिच्या तोंडाकडे पाहत होते. लहान पोर दुखतंय कुठे ते सांगतं, तेव्हा आई पाहते तसे.

प्रफुल्लची नजर सारखी रस्त्याकडे जात होती. निघून जावं, कुठेही जावं, असं त्याला झालं होतं. आणि तेवढ्यात त्याला आपले वडील आठवले. ते बाहेर का पडत, हे त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. त्याला रडू आलं. ते त्याने खोकल्यावर निभावलं.

अखेर बाईचे शब्द संपले. ती दाराच्या चौकटीला टेकली. पदराने तोंड पुसलं तर गालाला पीठ लागलं.

“पुढं जा,” ती हळूच म्हणाली आणि आत वळली.

बाबांनी त्या उघड्या दाराला दंडवत केला. मग ते पुढे झाले.

खोकणाऱ्या म्हाताऱ्याने आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून दिली, वर तिखट चटणी. फाटकाच्या आतून कुणीतरी ओरडलं, पुढं जा. कुत्रं भुंकतच राहिलं. बाबांनी तिथेही दंडवत केला. ओळ संपली तेव्हा झोळीत कशीबशी पोटापुरती शिदोरी होती.

दोघे नदीच्या काठाला बाभळीखाली बसले. बाबा चटणीला नाक मुरडत जेवत होते.

“बाबा, त्यांना हैदराबाद तुम्हीच सांगितलं होतं?”

“हो.”

“मग… चुकलं?”

“चुकलं.”

इतकं सरळ उत्तर येईल, असं त्याला वाटलं नव्हतं. त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. तीन पिढ्या ज्याच्या शब्दावर घरातली लग्नं ठरली, शेतं विकली गेली, तो माणूस चटणीने पोळलेलं तोंड पुसत म्हणत होता, चुकलं.

“आणि तरी रोज त्या दारी जाता?”

“ओळीतलं पहिलं दार हाय थे.”

“ती रोज असंच बोलते?”

“रोज नाई. कधी भाकर देते.”

…

पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी पाण्यात घालत होतं. प्रफुल्ल त्यांच्याकडे पाहत राहिला. आता त्याला वाटू लागलं होतं की आपल्याला कळलं. तो सावरून बसला.

“कळलं बाबा. म्हणजे गाव कुठलंही निवडलं तरी चालतं. सगळी सारखीच.”

“कायची सारखी? एका ठिकानी बर्फ हाय म्हनतं, एका ठिकानी समुद्र हाय म्हनतं. तुया पोरीले कोठी बरं वाटन, हे पाहाच लागन. नीट पाहाय.”

“पण नीट पाहूनही चुकलं तर?”

बाबांनी झोळी नदीच्या पाण्यात बुचकळली, पिळली, झटकली.

प्रफुल्लचा धीर सुटला. इतका वेळ दाबून ठेवलेलं ते तोंडातून बाहेर पडलंच.

“बाबा, मला भीती वाटते. ती मोठी होईल, आणि एक दिवस माझ्यासमोर उभी राहून म्हणेल, तुम्ही आम्हाला चुकीच्या गावी आणलं. मला ते नाही सोसवणार. ती असं कधीच म्हणणार नाही, असं गाव सांगा मला. कुठलंही सांगा, मी जातो.”

बाबांनी ओली झोळी बाभळीच्या फांदीवर पसरली. मग त्याच्याजवळ येऊन बसले. गुडघा दुखत होता, तरी अगदी जवळ बसले.

“म्हनन थे,” ते म्हणाले. “दोन्हीकडं म्हनन.”

…

“तिचं समदं बोलनं सरेस्तोवर ज्या गावी तुले दारात उभं राहता येईन, त्या गावी जाय.”