नावाड्याचा एकटा राजा

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा घड्याळं यायची होती, म्हणून एका खेळीला अर्धा दिवस लागला तरी कुणी कुरकुरत नसे.

नदीकाठच्या एका गावाला बुद्धिबळाचं भारी वेड. चावडीवर शिसवी पट कायम मांडलेला असे. येता-जाता कुणीही बसावं, डाव टाकावा. वर्षातून एकदा स्पर्धा होई. रीत अशी, की लागोपाठ सात वर्षं जिंकेल त्याने तो पट कायमचा घरी न्यावा.

शास्त्रीबुवा सहा वर्षं जिंकले होते. सातव्या वर्षी, शेवटच्या डावाचा तगडा गडी तापाने आडवा झाला आणि त्याच्या जागी गावचा नावाडी बसला. हा रोज हरे आणि रोज खेळे. पट गेला तर त्याची संध्याकाळच गेली, या विचाराने त्याचा जीव कासावीस झाला होता.

व्हायचं तेच झालं. नावाड्याची सारी फौज गारद झाली, कोपऱ्यात एकटा राजा उरला. हरणाऱ्याने आपला राजा आपल्या हाताने आडवा करावा, हा तिथला शिष्टाचार. पण नावाडी काही हात लावेना.

"अरे, आता काय राहिलंय?" बुवांनी विचारलं.

"काठ लागेपर्यंत आम्ही वल्हं सोडत नाही, बुवा. तुम्ही चाला."

बुवा चिडले. एका खेळीत मात होत होती, पण एवढ्या गर्दीपुढे साधी मात कसली करायची? त्यांनी एक प्यादं शेवटच्या घरात नेऊन त्याचा वजीर केला. टाळ्या पडल्या. मग दुसऱ्याचा केला. नावाड्याचा राजा बिचारा दोन घरांत येरझाऱ्या घालत होता. तिसरा वजीर करताना तर बुवा पटाकडे नव्हे, लोकांकडेच बघत होते.

नावाडी बराच वेळ पटावर वाकून राहिला. मग हळूच म्हणाला, "बुवा, मला शह नाही. पण हलायला घरही नाही."

पंचांनी तीनदा पट न्याहाळला. अशी कोंडी झाली की डाव बरोबरीत सुटतो. बुवांची सलग जीत तुटली, पट चावडीवरच राहिला. लोकांनी नावाड्याला खांद्यावर घेतलं, गूळखोबरं वाटलं.

बुवा आधी लालबुंद झाले, मग पोट धरून हसले. "तीन वजीर पदरी, आणि शहाणा एकही नाही! मांड रे पुन्हा."

त्या संध्याकाळी नावाडी दोनदा हरला आणि आनंदाने गाणं म्हणत घरी गेला.

तात्पर्य: हाताशी आलेला डाव मिरवत बसू नये, आणि हातचा जाणारा डाव संपण्याआधी सोडू नये.