काटेडोक्या जंत कुणाचा?

खूप जुन्या काळी एक तळं आटू लागलं, तेव्हा माशांनी आपले कोण नि बगळ्याचे कोण, याचा निवाडा मांडला.

मरळीच्या पोटातून काटेडोक्या जंत ओरडला, "मी माशांचाच! इथंच वाढलोय."

म्हातारं कासव म्हणालं, "वाढलास इथं. पोरंबाळं कुठं होणार तुला?"



मरळ भडकली. "माझ्या पोटातला तो माझाच! उलटतपासणी कसली घेता?"

इतक्यात काठावर बगळा उतरला. सगळे चिखलात दडले.

जंत कुजबुजला, "मावशे, गुदमरतोय गं मी. जरा वर चल."

मरळ वर आली आणि चोच पडली.

बगळ्याच्या आतड्यात काटे रुतवून जंताने कासवाला सावकाश उत्तर दिलं,

"इथं."